अधिपतीचा आवाज

४ फेब्रुवारी

चि. पोपट यास,

ताईचे आशीर्वाद. हवे असतील तर घे, नसतील तर टाक कुठेतरी कोपऱ्यात.

फोन किती वेळा केला ते मोजायचंही सोडून दिलं. वाजून वाजून तो थकतो, तू उचलत नाहीस. मग संध्याकाळी तुझा मेसेज येतो, ‘गडबडीत आहे.’ माझ्या या बटणांच्या फोनवर दोन ओळी लिहायच्या तर अर्धा तास जातो, म्हणून शेवटी कागद घेतला. दिवसभर कारखान्यात छत्र्यांच्या काड्या ओवून बोटं आखडली आहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू मोठा माणूस झालास, मान्य. टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या अधिपतीला तुझा आवाज, म्हणून गल्लीतली पोरं मला ‘अधिपतीची बहीण’ म्हणतात. कारखान्यातल्या बायका विचारतात, तुमच्यासारख्यांच्या साध्या घरात हा राक्षस कुठून निपजला? परग्रहावरून येतो काय, चिमटीत धरून सूर्य विझवतो काय, आणि ज्याला मारायचं त्यालाच अहोजाहो करतो! ‘आपली हरकत नसेल, तर आता आपण मरावं.’ या वाक्याला आई दर वेळी हसते. रोज पाच वाजता खुर्ची ओढून टीव्हीला चिकटून बसते. मारामारी सुरू झाली की वैतागते. ‘त्या उड्या आणि लाथा पुरे झाल्या, माझ्या पोपटाला बोलू द्या,’ म्हणते. त्याच्याशी लढणारा तो पोरगा, छोटा मल्ल, जिंकायला लागला की तिचा जीव वरखाली होतो. अख्ख्या जगात त्या राक्षसाच्या बाजूने असलेली ती एकटीच असेल.

परवा म्हणाली, ‘पोपटाच्या घशात खडा अडकल्यासारखं वाटतंय.’ मी म्हटलं, अगं, खलनायक आहे तो, तसंच बोलावं लागतं. तर म्हणाली, ‘मला शिकवू नकोस.’

आईशी दोन मिनिटं बोलायला तुझ्या बापाचं काय जातं, असं लिहिणार होते. पण बाप माझाही तोच. फोन कर.

ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. खरोखरचं लोटांगण आहे, कारण तुझं पत्र वाचल्यावर उभं राहायची हिंमत उरली नाही.

रागावू नकोस गं. स्टुडिओची सक्त ताकीद आहे, रेकॉर्डिंगच्या बाहेर एक शब्द बोलायचा नाही. आवाज त्यांचा, मी फक्त तो सांभाळणारा. आमची खोली म्हणजे आतून जाड कापड लावलेलं मोठं कपाट समज. समोर काच, काचेपलीकडे दिग्दर्शक, वर पडद्यावर चित्र. अधिपतीचे ओठ हलले की माझे हलायला हवेत. माझ्या शेजारी छोटा मल्ल. त्याचा आवाज कोण देतं ठाऊक आहे? साठी उलटलेल्या एक बाई! नातवंडं आहेत, गुडघे दुखतात. स्टुलावर बसून बारा वर्षांच्या पोराच्या आवाजात ‘थांब, दुष्टा!’ असं किंचाळतात आणि दोन वाक्यांच्या मध्ये गरम पाणी पितात. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो.

सध्या अधिपती रूप पालटतोय. पालटताना ओरडतो. दिग्दर्शक म्हणतो, डोंगर फुटल्यासारखं ओरड. डोंगर फुटताना कसा ओरडतो हे त्याला तरी कुठे माहीत! पण ओरडतो मी. त्यामुळे घसा थोडा बसलाय, दुसरं काही नाही. आईला सांग, खडाबिडा काही नाही.

मार्चच्या मध्यावर एक किरकोळ काम उरकायचं आहे. त्यानंतर बरेच दिवस फोन करता येणार नाही. त्याचा बाऊ करू नका. एप्रिलच्या शेवटी घरी येतो.

तुझा पोपट


२० फेब्रुवारी

पोपट,

तुझं किरकोळ काम तुलाच लखलाभ. आता मी लिहिते ते नीट वाच.

आईने शपथ घातली होती म्हणून आजवर गप्प बसले. तुला वाटतं तिला धूसर दिसतं. धूसर नाही, पोपट. गेले सहा महिने काहीच दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढंही कळत नाही. टीव्हीजवळ बसते ती बघायला नाही, ऐकायला. परवा तुझा जुना फोटो हातात घेऊन बसली होती, तो उलटा धरलेला. मी सरळ करून दिला.

तुझं तोंड आता तिला कधी दिसणार नाही. तुझा आवाज तेवढा तिच्याकडे उरलाय. आणि तोही तू स्टुडिओला विकून मोकळा झालास! तिने काय आयुष्यभर एका राक्षसाच्या तोंडूनच तुला ऐकायचं? कुठे जायचंय तिकडे जा, पण जाण्याआधी तिच्याशी तुझ्या स्वतःच्या आवाजात बोल.

ताई


२ मार्च

ताई,

रविवारी फोन केला तो तू घेतलास, मग आईला दिलास. तेव्हा मी काय काय बोललो ते मला आठवतही नाही. ती मात्र एकसारखी म्हणत होती, ‘बोल ना, अजून बोल.’

तू आधी का नाही सांगितलंस? जाऊ दे.

ते किरकोळ काम मी रद्द केलं. आता कुठे जात नाही. दर रविवारी फोन करीन, अगदी नेमाने. स्टुडिओच्या ताकिदीचं काय करायचं ते मी बघतो. तिला सांग, पोपट बोलत राहील.

तुझा पोपट


१७ मार्च

सौ. ताईंना,

सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. तुमच्या भावाबरोबर मी काम करते, छोट्या मल्लाचा आवाज माझा. तुमचा पत्ता त्याच्या पिशवीतल्या पाकिटावरून त्याच्या नकळत उतरवून घेतला. हे पत्र लिहिल्याचं कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. पण न लिहिता राहिले तर मीच माझं तोंड बघू शकणार नाही.

त्याच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, आता स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचण्याची आशा आहे, पण आवाज जाईल, कायमचा. ऑपरेशन याच आठवड्यात होतं. माझ्या मुलाने रुग्णालयात सोबत राहायचं ठरवलं होतं. आणि मार्च लागताच हा येऊन सांगतो, रद्द केलं.

काल आमची झुंज होती. मी ओरडून ठोसे मारायचे, त्याने हसायचं. अधिपती हसतो ना, हलकंच, घरी आलेल्या पाहुण्यासमोर हसावं तसं. तो हसला आणि खोकला सुरू झाला. रुमाल तोंडाशी धरला. मी रुमाल हिसकावून घेतला. त्यावर रक्त होतं, ताई, थेंबभर नव्हे. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणतो, ‘हसणं छान होतं, खोकला कापून टाकू.’ त्याला कोणीच काही सांगितलेलं नाही. शेवटच्या भागांचं रेकॉर्डिंग आता मे महिन्यावर गेलं आहे, आणि तेवढं करूनच जाईन म्हणतो. डॉक्टर म्हणतात मेपर्यंत थांबायचं नाही.

मी त्याला विचारलं, का रे असं करतोस? त्याने संवादाच्या कागदामागे लिहून दाखवलं, ‘आईला दिसत नाही. माझा आवाज गेला, तर तिच्या लेखी मी मेलोच.’

काहीही करा, पण त्याला वळवा. रोज त्या कपाटासारख्या खोलीत मी त्याला मारते. खोटं खोटं का असेना, मला आता ते सहन होत नाही.

तुमची,
छोटा मल्ल


२१ मार्च

पोपट,

बाईंचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायचंच तर माझ्यावर चीड.

मी काय लिहून बसले रे! तुझा आवाज तेवढा तिच्याकडे उरलाय! तू ऑपरेशनला निघाला होतास आणि मी तुला धरून मागे ओढलं. मला काय माहीत? पण माहीत नव्हतं म्हणून का ते वाक्य पुसलं जातंय? काल काड्या ओवताना सुई बोटात आरपार गेली. मला कळलं नाही. शेजारची ओरडली तेव्हा कळलं.

मी ते पत्र परत घेते. फाडून टाक. जाळ. मी असं काही लिहिलंच नाही असं समज. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा आणि जी तारीख मिळेल ती घे. तुझ्या पाया पडते. मोठी बहीण धाकट्याच्या पाया पडते हे शोभत नसेल, तर न शोभू दे.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती रविवारच्या फोनची वाट बघत बसते आणि मला तो फोन वाजूच नये असं वाटतं. आता मलाही ऐकू येतो तो खडा.

ताई


२७ मार्च

ताई,

पत्र फाडलं नाही. त्यात तू खोटं काय लिहिलं होतंस?

तू म्हणशील, आवाजाचं काय एवढं! मला सांग, माझ्याकडे दुसरं आहे काय? शिक्षण अर्धवट, संसार मोडला, तोंड असं की फोटोत पाहूनही कोणाला आठवत नाही. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणतो तो मीच. वीस वर्षं लोकांची दारं बंद केली. अधिपती आला तेव्हा पहिल्यांदा माणसं थांबून ऐकायला लागली. चहाच्या टपरीवर मी नुसतं ‘आपली हरकत नसेल तर’ म्हटलं की पोरं आईच्या मागे लपतात आणि मग खुदखुदतात.

मी भ्यालोय गं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. इथे भोक, इथून श्वास. नाकाचं कामच उरत नाही. परवा म्हटलं, बघू तरी कसं वाटतं, एक दिवस मुका राहिलो. दुकानात बोटाने साबण दाखवला. दुकानदार माझ्याशी ओरडून बोलायला लागला, जसा काही मी बहिरा. मग मागच्या बाईला म्हणाला, ‘बिचारा.’ मला राहवलं नाही. अधिपतीच्या आवाजात म्हणालो, ‘आपली हरकत नसेल, तर साबण द्यावा.’ त्याच्या हातातून साबण पडला. मी हसत बाहेर आलो आणि कोपऱ्यावर भिंतीला धरून रक्त ओकलो.

शेवटची लढाई उरली आहे. मेमध्ये अधिपती मरतो. त्याला माझ्या घशाने मरू दे, मग बघू. आईला तेवढे रविवार मिळतील. तिला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे.

पोपट


३ एप्रिल

पोपट,

शपथ मोडली. आईला सांगितलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हाताने शिवण चाचपून उलटसुलट ओळखते. मी म्हटलं, ‘आई, पोपटाला घशाचा कॅन्सर आहे.’ तिचे हात थांबले. ‘खडा,’ एवढंच म्हणाली. मग घडी चाचपत, ‘कापायला सांगितलंय?’

‘हो. पण आवाज जाईल.’

‘आणि नाही कापलं तर?’

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिला उत्तर कळलं. ‘मग तो कशाला अडून बसलाय?’

‘तुझ्यासाठी. तुला दिसत नाही म्हणून.’

हातातली घडी तिने भिंतीवर भिरकावली. म्हणाली, ‘कागद घे. मी सांगते तसं लिही, तुझं शहाणपण मध्ये घालू नकोस.’ पुढचं तिचं आहे.

‘पोपट, माझे डोळे गेले तेव्हा मी मेले का? दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी उठून चाचपडत चहा केला. निम्मा सांडला, पण केला. तुला काय वाटतं, तुझं बोलणं ऐकायला मी जगते? मेल्या, तुझ्या बोलण्याने माझं पोट भरतं का? लहानपणी तुला गप्प बस, गप्प बस म्हणून माझा जन्म गेला. मुका होऊन आलास तर माझ्या शेजारी बसशील. मेलास तर कोण बसेल, तो टीव्ही? आधी मी जायचंय, मग तुझी बहीण, मग तू. रांग मोडू नकोस.’

हे तीन दिवसांपूर्वी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत होते तेवढ्यात ती पिशवी घेऊन बाहेर पडली. एकटी, बसच्या थांब्याकडे, भिंतीला हात लावत लावत. भिंत संपली तिथे गटारात पाय गेला. बेकरीवाला धरून घेऊन आला. कपाळाला खोक, गुडघा फुटलेला, आणि तोंडात एकच, ‘तो येत नाही तर मी जाते.’ मी रडले, ती नाही रडली.

आता मी कामावर जाताना बाहेरून कडी लावते. आपल्या आईला कोंडून जाते मी, पोपट. आतून ती दार वाजवत राहते. मला वळणापर्यंत ऐकू येतं. तुझे भावजी ट्रक घेऊन बाहेरगावी, घरी दुसरं कोणी नाही. किती दिवस कडी लावू सांग. तिला मी थांबवू शकत नाही, तूच थांबवू शकतोस.

ताई


९ एप्रिल

ताई,

कडी काढ. चौदाला दाखल होतोय. पंधराला सकाळी ऑपरेशन.

स्टुडिओत सांगितलं. दिग्दर्शक आधी पांढरा पडला, मग म्हणाला, ‘निदान मरणाचा भाग आज करून टाकू या का? चित्र नाही आलं तरी चालेल, नुसतं ओरडून ठेव.’ बाई उठल्या आणि त्याच्यावर तुटून पडल्या. संतापात स्वतःचा आवाज विसरल्या, छोट्या मल्लाच्याच आवाजात त्याला शिव्या दिल्या. काचेपलीकडे सगळे दगड झाले. मी कानांवरचे हेडफोन काढून खिळ्याला अडकवले आणि बाहेर आलो. माझ्या जागी एक जण येणार आहे, माझी नक्कल बरी करतो म्हणे.

काल आईला फोन केला तो तूच दिलास तिला, पण मी काय बोलणार होतो ते तुला कळलं नसेल. मी शेवटचं म्हणून किती तरी मनाशी जुळवून ठेवलं होतं. आठवड्याभराचं. ‘आई’ म्हटलं आणि पुढचं बोलणार तोच ती म्हणाली, ‘घसा दुखेल तुझा. ठेव.’ आणि ठेवून दिला.

तू ये. मला एकट्याला भीती वाटते.

पोपट


३० मे

ताई,

तू परत गेल्यापासून पलंगाशेजारची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर परिचारिका औषधांचं तबक ठेवते आणि मला राग येतो.

खोटं नाही लिहीत. फार वाईट दिवस आहेत. किरणांनी मान बाहेरून भाजल्यासारखी झाली आहे. नळीतून जातं ते अन्न. झोपेत हाक मारायला जातो, तोंड उघडतं आणि काही होत नाही, मग जाग येते. परवा खिडकीपाशी किती तरी वेळ उभा होतो. चौथा मजला आहे. परिचारिकेने येऊन खिडकी लावली. तेव्हापासून माझा पलंग आतल्या बाजूला सरकवलाय.

त्याच दिवशी तू फोन लावून आईला दिलास. परिचारिकेने स्वतःचा फोन माझ्या कानाशी धरला. आई म्हणाली, ‘तू बोलू शकत नाहीस ते ठाऊक आहे. श्वास कुठून घेतोस तिथे फोन धर.’ परिचारिकेने माझ्याकडे पाहिलं, मग फोन गळ्यातल्या भोकाशी नेला. शिट्टीसारखा, घरघर असलेला तो घाणेरडा आवाज. मला लाज वाटत होती. मी नुसता श्वास घेत राहिलो. परिचारिकेचा हात दुखायला लागला, तिने हात बदलला. पुन्हा कानाशी आणला तेव्हा आई म्हणत होती, ‘हां. चाललंय. असंच चालू ठेव.’

म्हणून चालू ठेवलंय. आणखी काही कारण सध्या सापडत नाही.

पोपट


१४ ऑगस्ट

चि. पोपट यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तपासणीत तूर्त काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यातला ‘तूर्त’ मी आईला वाचून दाखवला नाही. तो माझ्याकडेच ठेवलाय. आईने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा मी तो शब्द गाळला.

काल शेवटचा भाग लागला. मी म्हटलं, नको लावायला. आई म्हणाली, ‘लाव.’ खुर्ची ओढून बसली. मी कामावरून लवकर सुटून आले होते, शेजारी बसले.

छोटा मल्ल आला, बाईंचा आवाज तसाच खणखणीत. मग अधिपती बोलला. आई एकदम ताठ झाली. ‘हा कोण?’

‘दुसरा माणूस आहे, आई.’

‘बरा बोलतो,’ म्हणाली. तेवढंच. मग ऐकत राहिली.

खरंच बरा बोलतो तो. तुझ्यासारखंच अहोजाहो, तसंच हलकं हसणं. झुंज लांबली. आकाश फाटलं, डोंगर पडले, विझलेले सूर्य एकेक करून पुन्हा पेटले. आईला यातलं काही दिसत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. अधिपती ओरडायला लागला तेव्हा तिने माझं मनगट पकडलं. केवढी किंकाळी होती! संपेचना. तिची नखं रुतली तरी मी हात सोडवला नाही. मग सगळं शांत झालं.

‘मेला?’ आईने विचारलं.

‘मेला.’

‘आणि आपला?’

‘आपला आहे, आई.’

‘मग बंद कर तो टीव्ही.’

ताई